ऑनलाइन फॉर्ममधल्या याद्या भरणाऱ्यांसाठी बनवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात ऑनलाइन अर्जांमधल्या चुकांवर लेख आला होता. लेख चांगला होता, पण त्यातला एक सूर मला खटकला, की लोक नीट वाचत नाहीत, घाईघाईत कुठेही टिक करतात आणि मग अर्ज रद्द झाला की तक्रार करतात. मी ऑनलाइन फॉर्म तपासायचं काम करते, म्हणजे फॉर्म तयार झाला की तो वेगवेगळ्या लोकांना भरायला द्यायचा आणि शेजारी बसून काही न बोलता बघत राहायचं, कुठे थांबतात, कुठे मागे जातात, कुठे भलतंच निवडून पुढे जातात आणि त्यांना पत्ताही नसतो. हे सगळं बघून माझं ठाम मत झालंय की लोक वाचतात, अगदी स्क्रीनवर बोट ठेवून वाचतात, आणि चूक होते ती बहुतेक वेळा ऑप्शनच्या यादीत होते आणि ती होईल अशीच ती यादी बनवलेली असते.

रिकाम्या चौकटीत माणूस आपल्या मनातलं टाइप करतो. यादीत तसं नसतं, तिथे यादी बनवणाऱ्याला जेवढं सुचलं तेवढंच म्हणता येतं, आणि तेही त्याने ठेवलेल्या पद्धतीनेच. एवढं करून सबमिट दाबलं की ते उत्तर 'तुम्ही दिलेलं' धरलं जातं, त्यावर अर्ज मंजूर होतो, नामंजूर होतो, सर्व्हेचे आकडे बनतात. म्हणून मला वाटतं की या विषयावर लिहिताना भरणाऱ्याला दोष द्यायच्या आधी यादीकडे नीट बघावं.

सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो ते आधी सांगते. 'लागू असतील ते सर्व निवडा' असा प्रश्न असतो आणि खाली एक चौकट असते, तिच्यात चार-पाच ओळी दिसतात आणि उजवीकडे बारीकसा स्क्रोलबार. माणूस पहिल्या ओळीवर क्लिक करतो, ती निळी होते. मग त्याला खालची एक ओळ पण लागू असते म्हणून तो तिच्यावर क्लिक करतो, ती निळी होते आणि आधीची निळी ओळ गुपचूप पांढरी होते. आता इथे दोन निवडायचे तर कीबोर्डवरचं कंट्रोल बटण दाबून धरायचं असतं, मॅक असेल तर कमांड बटण, आणि हे कुठेच लिहिलेलं नसतं, किंवा लिहिलेलं असलं तरी बारीक राखाडी अक्षरात. समजा एखाद्याला हे माहितीय, त्याने कंट्रोल धरून नीट सहा ऑप्शन निवडले, आणि सातवा निवडताना बोट जरा सुटलं, तर साध्या एका क्लिकमध्ये आधीचे सहाच्या सहा जातात आणि फक्त सातवा राहतो. त्यातले वरचे ऑप्शन स्क्रोल होऊन चौकटीच्या बाहेर गेलेले असतात, त्यामुळे गेलेत हे दिसतही नाही. माणूस समाधानाने पुढच्या प्रश्नाला जातो. मी हे होताना समोर बघितलंय आणि त्या वेळी मला बोलायची परवानगी नसते, फार वाईट वाटतं.

हा प्रकार नवा नाही. एचटीएमएल म्हणजे वेब पेज ज्या भाषेत लिहितात तिच्या १९९५ च्या २.० आवृत्तीतच ही अनेक-निवड यादी होती आणि कॉम्प्युटरवरचे ब्राउझर आजही ती जवळपास तशीच दाखवतात. फोनवर कंट्रोल बटणच नाही, म्हणून तिथे ब्राउझर स्वतःची वेगळी यादी उघडतो आणि प्रत्येक ऑप्शनपुढे टिक दाखवतो, तिथे हा घोळ होत नाही. म्हणजे एकच फॉर्म एकाला फोनवर सोपा जातो आणि दुसऱ्याला कॉम्प्युटरवर चुकवतो, आणि तक्रार आली की ऑफिसातला माणूस आपल्या फोनवर उघडून बघतो आणि म्हणतो, अहो चालतंय की व्यवस्थित.

याला उपाय काही अवघड नाही. प्रत्येक ऑप्शनपुढे चौकोनी चेकबॉक्स द्या आणि ऑप्शन एकाखाली एक लावा, बस. प्रत्येक टिक स्वतंत्र, एक केली म्हणून दुसरी जात नाही, काढायची असेल तर परत दाबायचं, आणि काय निवडलंय ते डोळ्यासमोर राहतं. यावर मला नेहमी ऐकवलं जातं की असं केलं तर पान लांब होतं, दिसायला बरं दिसत नाही. होऊ द्या ना लांब! लोक दिवसभर फोनवर स्क्रोलच करत असतात, खाली जाणं हे कुणालाच अवघड नाही, न दिसणारी गोष्ट ओळखणं अवघड आहे.

चौकोन म्हणजे कितीही निवडा आणि गोल म्हणजे एकच निवडा, हा संकेत खूप जुना आहे. गोलाला रेडिओ बटण म्हणतात ते जुन्या गाड्यांमधल्या रेडिओवरून, त्यात स्टेशनची बटणं असायची आणि एक दाबलं की आधीचं दाबलेलं बाहेर यायचं. काही जण नुसतं वेगळं दिसावं म्हणून हा संकेत मोडतात, एकच निवडायचं तिथे चौकोन देतात नाहीतर दोन्हीकडे सारखीच गोल गोळी देतात. पण संकेत पाळला तरी सगळ्यांना तो आकारावरून कळतोच असंही नाही, म्हणून प्रश्नाखाली सरळ शब्दांत 'एकच निवडा' किंवा 'लागू असतील ते सगळे निवडा' लिहायचं. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइट ज्या नियमांनी बनतात त्या डिझाइन सिस्टीममध्येही हेच सांगितलंय, की नुसत्या गोल-चौकोनाच्या फरकावर विसंबू नका.

गोल बटणाची एक अडचण फार कमी लोकांच्या लक्षात येते. एकदा दाबलं की ते रिकामं करता येत नाही, दुसरं दाबता येतं पण 'काहीच नाही' वर परत येता येत नाही. आता प्रश्न ऐच्छिक असेल आणि चुकून बोट लागलं तर बिचाऱ्याला काहीतरी उत्तर देऊनच पुढे जावं लागतं, नाहीतर पान रिफ्रेश करून सगळं पहिल्यापासून भरावं लागतं. तिथे 'सांगायचं नाही' असा एक ऑप्शन किंवा 'निवड काढा' अशी लिंक दिली की विषय संपला.

आता बोटाचा विषय निघालाय तर सांगते. कितीतरी फॉर्ममध्ये चेकबॉक्सचा इवलासा चौकोनच तेवढा दाबता येतो, त्याच्यापुढे लिहिलेल्या शब्दांवर दाबलं तर काहीच होत नाही. लोक शब्दावरच दाबतात, साहजिक आहे, वाचलेलं तिथे असतं. होत नाही म्हणून परत दाबतात, मग जोरात दाबतात, मग चौकोनावर नेम धरायला जातात आणि वरचाच टिक होतो. शब्द आणि चौकोन एकमेकांना जोडायला कोडमध्ये लेबल नावाची सोय कितीतरी वर्षांपासून आहे, काही मिनिटांचं काम आहे, ते केलं की अख्खी ओळ दाबता येते. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका तिथे हात नेऊन टेकायला वेळ जास्त लागतो. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जी जागतिक मानकं आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्यांना, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत दाबायची जागा काही अपवाद सोडून किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी असं म्हटलंय, ॲपल ४४ पॉइंट सांगतं आणि गूगलचं अँड्रॉइडसाठीचं मार्गदर्शन ४८. २४ हे अगदी किमान आहे हो, हात थरथरणाऱ्या माणसाला किंवा जाड अंगठ्याच्या माणसाला ते पुरत नाही, पण मी बघते त्या कित्येक फॉर्ममध्ये तेवढंही नसतं.

ऑप्शन आडवे लावायची पद्धत पण बंद व्हायला हवी. गोल, शब्द, गोल, शब्द, गोल, शब्द अशी एक ओळ असते आणि सगळ्यांमध्ये अंतर सारखंच, मग मधला गोल डावीकडच्या शब्दाचा की उजवीकडच्या, कसं कळणार? फोनच्या छोट्या स्क्रीनवर ओळ मोडली तर आणखी घोटाळा, गोल वरच्या ओळीच्या शेवटी आणि त्याचा शब्द खालच्या ओळीच्या सुरुवातीला. कुणाला हे किरकोळ वाटत असेल तर त्यांनी अमेरिकेतली २००० सालची अध्यक्षीय निवडणूक आठवावी. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत जी मतपत्रिका होती तिच्यात उमेदवारांची नावं डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही पानांवर होती आणि भोकं पाडायची जागा मधे एकाच रांगेत. डावीकडे पहिलं नाव बुश आणि दुसरं गोर, पण वरून दुसरं भोक मात्र उजव्या पानावरच्या ब्यूकॅनन यांचं होतं, गोर यांचं तिसरं. बाण छापलेले होते, तरीही लोक फसले. नंतर २००१ मध्ये राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी आकडेवारी तपासून दाखवलं की गोर यांना मत द्यायला गेलेल्या २,००० हून जास्त लोकांचं मत ब्यूकॅनन यांना गेलं असणार, आणि बुश यांनी ते अख्खं राज्य जिंकलं अवघ्या ५३७ मतांनी. ते लोक वाचत नव्हते असं कोण म्हणेल? नाव बरोबर वाचलं होतं, नावापुढची जागा चुकीची ठरली.

ड्रॉपडाउन म्हणजे दाबल्यावर उघडणारी यादी, तिच्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'होय' आणि 'नाही' एवढे दोनच ऑप्शन असताना ते ड्रॉपडाउनमध्ये लपवून ठेवणं याला काही अर्थच नाही, आधी दाबा, मग यादी उघडणार, मग वाचा, मग निवडा. दोन गोल समोर दिले असते तर एका दाबण्यात झालं असतं. मी वर म्हटलं त्याच ब्रिटिश डिझाइन सिस्टीममध्ये लोकांसाठीच्या सेवांमध्ये ड्रॉपडाउन हा शेवटचा उपाय म्हणूनच वापरा असं स्पष्ट लिहिलंय. आणि लांबलचक यादीला पण ड्रॉपडाउन वाईटच, शंभर-दोनशे नावांत बोटाने खाली खाली जात राहायचं, थोडं पुढे गेलं की परत वर यायचं, आणि नेमकं हवं ते नाव आलं की बोट बाहेर लागून यादीच बंद. ऑप्शनचा मजकूर लांब असेल तर फोनवर त्याचा शेवट कापला जातो, आणि दोन ऑप्शनची सुरुवात सारखी असेल तर दोन्ही एकच दिसतात.

ड्रॉपडाउनचं आणखी एक सांगते, हे फार कमी लोकांना माहिती असतं. विंडोजवरच्या काही ब्राउझरमध्ये ड्रॉपडाउनमधून काही निवडलं आणि माउस तिथेच ठेवून पान खाली न्यायला चाक फिरवलं, तर पान सरकायच्या ऐवजी निवडलेला ऑप्शनच बदलतो. आवाज नाही, सूचना नाही. बघणाऱ्याला वाटतं पान अडकलं, तो माउस जरा बाजूला घेऊन परत चाक फिरवतो, पान सरकतं आणि मागे भलताच ऑप्शन राहून जातो. ज्याच्या अर्जात असं झालं त्याला नंतर सांगितलं जातं की तुम्हीच तसं भरलंय, आणि तो शपथेवर सांगतो की मी असं भरलंच नव्हतं, आणि खरं तर दोघंही खरं बोलत असतात.

मीटिंगमध्ये एक वाक्य नेहमी येतं, की यादीत सातपेक्षा जास्त ऑप्शन नकोत कारण माणसाच्या डोक्यात सातच गोष्टी राहतात. हे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधावरून आलंय, त्यात सात अधिक-उणे दोन असं होतं खरं, पण ते होतं ऐकलेल्या-बघितलेल्या गोष्टी लगेच आठवून सांगण्याबद्दल. यादी तर डोळ्यासमोर लिहिलेली आहे, ती पाठ कुठे करायचीय? या सातच्या नादाने चांगले वेगवेगळे ऑप्शन एकत्र कोंबले जातात आणि उरलेले सगळे 'इतर'मध्ये ढकलले जातात. पंधरा ऑप्शन खरंच लागत असतील तर पंधरा द्या, फक्त त्यांचे गट करा, गटाला ठळक नाव द्या, म्हणजे माणूस आधी गट बघतो आणि मग त्यातलं आपलं शोधतो.

क्रमाबद्दल मात्र मराठी वाचकांनी जोरात बोलायला हवं. देशांची यादी घ्या. आयएसओ ३१६६ नावाच्या जागतिक यादीत २४९ देश आणि प्रदेश आहेत आणि ती इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेली असते. फॉर्म मराठीत करताना नावं मराठीत करतात पण क्रम तोच इंग्रजीचा ठेवतात. मग यादी अशी दिसते: गॅबन, गांबिया, जॉर्जिया, जर्मनी, घाना, ग्रीस. मराठी वाचणारा माणूस ज बघून ज च्या आसपास शोधणार, इथे ज च्या पुढे घ येतो आणि मग परत ग! झांबिया आणि झिंबाब्वे एकदम तळाला, येमेनच्या पण खाली, कारण इंग्रजीत ते झेडने सुरू होतात. शोधणाऱ्याला वाटतं आपला देश यादीतच नाही. आणि कॉम्प्युटरला नुसतं 'मराठीत लाव' म्हणून भागत नाही, अक्षरांना जे युनिकोड क्रमांक दिलेत त्यांच्याप्रमाणे लावलं तर ळ हा ल च्या लगेच नंतर येतो आणि क्ष तर क च्या पोटातच जातो, आपल्या वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर येतात. मराठीचा क्रम लावायची सोय आज प्रोग्रामिंगमध्ये आहे, ती वापरायला हवी एवढंच.

एवढी मोठी यादी असेल तर वर शोधायची चौकट द्यावी, दोन अक्षरं टाइप केली की जुळणारी नावं खाली यावीत. पण ही चौकट पण विचार करून बनवावी लागते. बरेच लोक मराठी वाचतात पण टाइप करतात रोमन अक्षरांत, तर दोन्ही लिपींत शोधता आलं पाहिजे. एक जण ब्राझील लिहितो, एक ब्राझिल लिहितो, दोघांनाही ते नाव सापडलं पाहिजे. नावाच्या मधला शब्द टाइप केला तरी चाललं पाहिजे, म्हणजे 'कोरिया' म्हटलं की उत्तर आणि दक्षिण दोन्ही दिसावेत. आणि अनेक निवडायचे असतील तर सगळ्यात महत्त्वाचं, शोध बदलला की आधी निवडलेले डोळ्याआड होता कामा नयेत. निवडलेली नावं चौकटीच्या बाहेर वेगळी दिसावीत, प्रत्येकापुढे काढून टाकायचं बटण असावं आणि किती निवडलेत तो आकडा असावा. हे नसलं की लोक तेच तेच परत शोधत बसतात, आधीचं गेलं की राहिलं याची खात्रीच नसते त्यांना.

'जास्तीत जास्त ३ निवडा' हा पण असाच एक सापळा. तीन झाले की बाकीचे सगळे फिके पडतात आणि दाबले जात नाहीत, आणि लोकांना वाटतं वेबसाइट हँग झाली. त्यापेक्षा चौथा निवडू द्या आणि तिथेच शब्दांत सांगा की तुम्ही ४ निवडलेत, एक काढा. मग माणूस स्वतः ठरवतो कोणता काढायचा.

आता ऑप्शनमध्ये काय लिहिलंय त्याबद्दल. वयोगट १८ ते २५, २५ ते ३५, ३५ ते ४५ असे अजूनही बघायला मिळतात. पंचवीस वर्षांच्या माणसाने काय करायचं? हे कागदी फॉर्मच्या काळापासून चालत आलंय आणि आता तरी थांबायला हवं. 'यापैकी काही नाही' हा ऑप्शन नसतो तेव्हा ज्याला काहीच लागू नाही तो रिकामं सोडतो, मग फॉर्म लाल अक्षरात म्हणतो हा प्रश्न आवश्यक आहे, मग तो बिचारा कोणतातरी एक टिक करून सुटका करून घेतो आणि रेकॉर्डमध्ये खोटी माहिती जाते. जिथे हा ऑप्शन असतो तिथे तो दाबल्यावर बाकीच्या टिक निघाल्या पाहिजेत, नाहीतर 'काही नाही' पण निवडलेलं आणि वरचे दोन पण निवडलेले अशी उत्तरं येतात. तसंच 'माहिती नाही' आणि 'लागू नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकात घालू नयेत. आणि 'इतर' दिलं तर पुढे लिहायला जागा द्या, आणि त्यात लोक जे लिहितात ते कुणीतरी वाचा, पुढच्या वेळी यादीत काय वाढवायचं ते तिथेच लिहिलेलं असतं.

सर्व्हेवाल्यांसाठी एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. 'लागू ते सगळे टिक करा' अशी यादी द्यायची की प्रत्येक ऑप्शनला 'होय / नाही' विचारायचं, याच्यावर अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २००६ मध्ये पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली या नियतकालिकात प्रयोग छापलेत, त्यात होय-नाही विचारलं तेव्हा लोकांनी जास्त ऑप्शनना हो म्हटलं आणि उत्तर द्यायला जास्त वेळही घेतला. म्हणजे टिकच्या यादीत न केलेली टिक म्हणजे 'नाही' असं धरणं धोक्याचं आहे, तिथपर्यंत नजरच गेली नसेल कदाचित. लांब यादीत वरचे ऑप्शन जास्त निवडले जातात हे पण सर्व्हेवाल्यांना जुनं माहितीय, म्हणून मतं विचारताना प्रत्येकाला क्रम बदलून दाखवतात. अर्थात जिथे क्रम ठरलेलाच आहे, शिक्षणाचे टप्पे किंवा वयोगट, तिथे तो फिरवायचा नाही, नाहीतर वाचणाराच गोंधळतो.

आधीच टिक करून ठेवलेले चेकबॉक्स, याच्याबद्दल मला मनापासून चीड आहे. 'मला ऑफर पाठवा' वर टिक आधीच असते, नाहीतर ड्रॉपडाउनमध्ये पहिला ऑप्शन आधीच निवडलेला असतो आणि माणसाने हात लावला नाही तरी तेच त्याचं उत्तर होतं. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला एका ऑनलाइन बक्षीस योजनेच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, माणसाने स्वतः काहीतरी करून हो म्हटलं पाहिजे. हेच तत्त्व बाकी सगळ्या प्रश्नांना लावायला काय हरकत आहे? यादी रिकामी सुरू करा. 'निवडा' असं लिहिलेलं असू दे पहिल्या ओळीत, आणि ते उत्तर म्हणून घेऊ नका.

दृष्टिहीन लोक स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरून फॉर्म भरतात, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए किंवा फोनवर टॉकबॅक, व्हॉइसओव्हर, त्यांच्या कानावर काय पडतं ते एकदा डोळे मिटून ऐका. प्रश्न आणि ऑप्शन कोडमध्ये एकत्र बांधलेले नसतील तर टॅब दाबत जाताना ऐकू येतं 'होय, रेडिओ बटण', पुढे परत 'होय, रेडिओ बटण', पण कशाला होय? ऑप्शनचा गट करायची आणि त्याला प्रश्नाचं शीर्षक द्यायची सोय एचटीएमएलमध्ये कितीतरी वर्षांपासून आहे. पण सुंदर दिसावं म्हणून स्वतः रंगवून बनवलेल्या याद्या वापरतात, ज्या कीबोर्डने उघडतच नाहीत आणि स्क्रीन रीडरला त्या याद्या आहेत हेच कळत नाही. नुसता रंग बदलून 'निवडलं' दाखवायचं हा पण तसलाच प्रकार, ज्याला रंग नीट ओळखता येत नाहीत त्याला दोन्ही सारखेच, म्हणून रंगाबरोबर टिक पण दिसली पाहिजे.

आणि शेवटी सबमिट. एका प्रश्नात चूक निघाली म्हणून फॉर्म परत येतो आणि तेव्हा बाकीच्या सगळ्या टिक पुसलेल्या असतात, हे आजच्या काळात चालवून घेऊ नये. दुसऱ्यांदा भरताना माणूस थकलेला असतो, वैतागलेला असतो आणि तेव्हाच खऱ्या चुका होतात. सबमिटच्या आधी एक पान असावं, तुम्ही काय काय निवडलंय ते साध्या वाक्यांत, प्रत्येकापुढे 'बदला' असं बटण. वर सांगितलेल्या कितीतरी गुपचूप बदललेल्या निवडी तिथे पकडल्या जातात.

मग माझी मागणी काय? जी संस्था लोकांकडून ऑनलाइन अर्ज घेते तिने फॉर्म सुरू करायच्या आधी तो बाहेरच्या पाच-सहा लोकांना भरायला द्यावा, त्यात एक वयस्कर, एक फोनवरच भरणारा, एक स्क्रीन रीडर वापरणारा असावा, आणि त्यांच्या शेजारी बसून कुणीतरी न बोलता बघावं. आणि अर्ज 'चुकीची माहिती' म्हणून रद्द करताना कोणत्या प्रश्नात किती जणांची चूक झाली हे मोजावं, एकाच यादीत शेकडो लोक चुकत असतील तर त्या सगळ्यांना दुरुस्तीची संधी द्यावी आणि यादी बदलावी.

आपल्या पेपरच्या वेबसाइटवर पण वाचकांचा कौल घेतला जातो. त्यात 'होय' आणि 'नाही' एवढेच ऑप्शन असतात आणि मत दिल्याशिवाय निकाल दिसत नाही, त्यामुळे ज्याला नुसता निकाल बघायचाय तो पण काहीतरी दाबतो आणि तुमच्या टक्केवारीत मोजला जातो. तिसरा 'सांगता येत नाही' आणि बाजूला 'फक्त निकाल बघा' असं बटण द्यावं ही विनंती. पुढच्याच कौलापासून करता येईल.

आपली,
एक नियमित वाचक